वाकड्या फेकींचा पुरावा

माणसाला कीर्ती कुठे मिळावी याला काही धरबंध असायला हवा. आमच्या ओल्ड फर्नेस गावात ती मुतारीच्या वाटेवर मिळते. काउंटीचं फुटबॉल कीर्तिदालन म्हणजे बोलिंग अ‍ॅलीच्या मागचा एक अरुंद बोळ. डाव्या भिंतीला अमर झालेले खेळाडू, उजव्या भिंतीला सिगारेटचं बंद पडलेलं यंत्र, आणि समोर ‘पुरुष’ अशी पाटी. ब्रॉन्झचे पुतळे करायची समितीची ऐपत नाही, म्हणून ओकच्या ओंडक्यातून डोकी कोरून घेतात. कोरणारा गृहस्थ यांत्रिक करवत चालवतो आणि एरवी हायवेवर विकायला अस्वलं करतो. हाताला लागलेलं वळण सुटत नाही. त्यामुळे काउंटीचे सगळे अमर खेळाडू थोडेफार अस्वलासारखे दिसतात. एकाच्या तोंडात तर मासाही होता. घरच्यांनी तक्रार केल्यावर तो तासून काढला.

समिती दर वर्षी एकच माणूस अमर करते. यादीत फार वर्षं पडून राहिलेलं नाव काढून टाकतात, फ्रिजमधलं जुनं दूध ओतून द्यावं तसं. एमिल सोटाकचं यंदा शेवटचं वर्ष होतं. यंदा झालं तर झालं. नाही तर एमिल नावाचा कोणी इसम या काउंटीत चेंडू झेलायचा, याची नोंद फक्त त्याच्या गुडघ्यांत राहणार.

आमच्याकडचा फुटबॉल पायाचा नाही, हाताचा. एक जण मागे उभा राहून लांबट चेंडू फेकतो, तो क्वार्टरबॅक. दुसरा जीव घेऊन पळतो आणि तो झेलतो, तो रिसीव्हर. झेलल्याबरोबर दोन-तीन रेडे त्याच्या अंगावर पडून त्याला जमिनीत पुरतात. फेकणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, झेलणाऱ्याच्या बरगड्या मोडतात. जगातले बाकीचे धंदेही असेच चालतात, पण ते बोलायला लागलो तर गोष्ट बाजूला राहील.

एमिलने जन्मभर शाळेची बस चालवली आणि कुणाकडे काही मागितलं नाही. कीर्तिदालनाचा विषय निघाला की तो बूट बांधायला वाकायचा. पण एका शुक्रवारी नॉर्ब यानोसिक मुतारीकडे निघाला असताना बोळात त्याला एमिल दिसला. शेवटच्या अस्वलाशेजारची भिंत मोकळी होती. एमिल तिथे पाठ टेकून ताठ उभा होता, हनुवटी जराशी वर.

नॉर्बला पाहून तो दचकला. म्हणाला, “पाठ दुखतेय. भिंत गार आहे.”

“हो,” नॉर्ब म्हणाला. “गार असते ती.”

दोघं शाळेपासूनचे मित्र. यापेक्षा जास्त मन मोकळं करणं आमच्या गावात आजारपणात धरतात. पण नॉर्ब त्या दिवशी मुतारीतून बाहेर आला तो शपथ घेऊनच. एमिलचा वकील आपण व्हायचं. समितीपुढे उभं राहायचं आणि या माणसाला भिंतीवर चढवायचं.

आता हा नॉर्ब कोण, तेही ऐका. घरांचे विमे विकून निवृत्त झालेला माणूस. स्वभावाने सज्जन, पण स्वतःविषयीचं मत चांगलं. शाळेच्या ज्या संघात एमिल रिसीव्हर होता, त्याच संघाचा नॉर्ब क्वार्टरबॅक. त्याच्या ऑफिसात खुर्चीमागे एक मोठा फोटो होता: सतरा वर्षांचा नॉर्ब, हात मागे ताणलेला, नजर क्षितिजावर. चेंडू नंतर कुठे गेला ते फोटोत दिसत नाही. फोटोग्राफर शहाणा होता. विमा घ्यायला येणारा प्रत्येक जण त्या फोटोकडे बघून मान हलवायचा, आणि ती मान कौतुकाने हलते आहे असं समजून नॉर्बने सगळी नोकरी सुखात काढली.

यंदा एमिलच्या विरोधात उभा होता ट्रॅव्हिस मॅकनॅरी. वयाने वीस वर्षांनी लहान, पिकअप गाड्यांचा विक्रेता, दात पांढरे, आणि आकडे असे की वाचताना धाप लागावी. नॉर्ब दोघांचे आकडे घेऊन स्वयंपाकघरात बसला. त्याची बायको रोझॅन समोर कोबीच्या पानांत खिमा गुंडाळत होती.

“काय निघालं?” तिने विचारलं.

“ट्रॅव्हिसने एका मोसमात जेवढे झेल घेतले, तेवढे एमिलचे तीन वर्षांत मिळून नाहीत.”

“मग संपलं की.”

“संपलं कसं? काळ कुठला, ते बघ ना! ट्रॅव्हिसच्या वेळी प्रत्येक डावाला चेंडू हवेत. हातात चिकट मोजे. खाली प्लास्टिकचं गवत. आणि रिसीव्हरला कुणी बोट लावलं तर पंच शिट्टी मारायचा. आमचा कोच हॅगर्टी म्हणायचा, हवा पाखरांसाठी असते. चेंडू पोटाशी धरून पळा. एमिल अर्धा वेळ दुसऱ्यांसाठी धक्के मारून वाट करत होता. उरलेल्या अर्ध्या वेळात उघड्या हातांनी, नोव्हेंबरच्या चिखलात, जे येईल ते झेलायचा.”

“हे सगळं मान्य,” रोझॅन म्हणाली. “पण जे येईल ते, म्हणजे काय यायचं? एमिलकडे चेंडू फेकायचं कोण?”



“मी,” नॉर्ब म्हणाला.

“हं,” रोझॅन म्हणाली आणि पुढचं पान उचललं.

लग्न झालेल्या माणसाला ‘हं’चे प्रकार कळतात. हा त्यातला वाईट प्रकार होता. नॉर्ब गॅरेजमध्ये जाऊन बसला. आकड्यांनी एमिल हरणार होता. त्याला वाचवायचा एकच मार्ग होता, आणि तो नॉर्बच्या छातीवरून जात होता: झेल थोडे होते कारण फेकी वाईट होत्या, आणि अशा फेकी झेलणारा माणूस अमर करायचा नाही तर कुणाला करायचं? म्हणजे मित्राला भिंतीवर चढवायचं तर आधी स्वतःला, सगळ्या गावासमोर, फोटोसकट खाली उतरवायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो काही दिवस जेवला नीट नाही. मग हळूहळू त्याला या त्यागाची गोडी लागली. दाढी करताना तो आरशाला सांगू लागला, “मित्रहो, दोष माझा होता.” आरशातला जनसमुदाय ताबडतोब ओरडायचा, “नाही नॉर्ब, नाही! असं बोलू नकोस!” मग तो हात वर करून त्यांना शांत करायचा. दाढी फार छान व्हायची.

रंगीत तालीम म्हणून त्याने कुंपणापलीकडच्या मिसेस कार्लुचींना गाठलं. त्या शाळेत त्याच्या पुढे दोन वर्षं होत्या.

“मिसेस कार्लुची, तुम्हाला ऐकून धक्का बसेल,” तो जड आवाजात म्हणाला, “पण शाळेत माझी फेक काही फार अचूक नव्हती.”

“धक्का?” मिसेस कार्लुचींनी पाण्याची झारी खाली ठेवली. “अरे, मी बँडमध्ये होते. तू चेंडू घेऊन मागे सरकलास की आम्ही वाद्यं डोक्यावर धरायचो. सराव करायचो त्याचा. पावसात छत्री उघडतात तसं.”

“एकदा लागला असेल कुणाला—”

“एकदा? ट्यूबा वाजवणारा ऑगी गटमन तुला दर ख्रिसमसला कार्ड का पाठवत नाही असं वाटतं तुला?”

नॉर्ब तिथून न्हाव्याकडे गेला. न्हाव्याने कात्री थांबवून विचारलं, “त्या पावसातल्या सामन्याचं सांगणार आहेस ना? पंचाची टोपी उडवलीस तो?” पेट्रोल पंपावर दोन अनोळखी माणसांनी आणखी दोन सामने सुचवले. चर्चमध्ये फादर जेरोमनी त्याला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “फार मोठं मन आहे तुझं, नॉर्बर्ट. मी तेव्हा लहान होतो. माझी आई सामन्याच्या आदल्या रात्री जपमाळ घ्यायची. संघासाठी नव्हे, पहिल्या रांगेत बसणाऱ्यांसाठी.”

‘नाही नॉर्ब, असं बोलू नकोस’ असं कुणी म्हणजे कुणी म्हणालं नाही. तो स्वतःचं सिंहासन गावाच्या पायाशी ठेवायला निघाला होता, आणि गाव सांगत होतं की बाबा रे, ते स्टूल होतं, आणि त्याचा एक पाय आधीपासून मोडका होता. पन्नास वर्षं सगळ्यांना माहीत! पन्नास वर्षं फोटोकडे बघून मान हलवली आणि विमा घेतला. छोट्या गावाची सभ्यता ही मोठी खुनशी चीज आहे. शहरात तोंडावर शिवी देतात आणि मोकळे होतात. इथे केकचा तुकडा देतात आणि वाट बघतात.

परत आला तेव्हा मिसेस कार्लुची अजून अंगणात होत्या. नॉर्बचा तोल सुटला.

“इतकाही वाईट नव्हतो मी!” तो कुंपणावरून ओरडला.

“मी कुठे काय म्हणाले?”

“ते मेपलचं झाड दिसतंय? त्याच्या बुंध्यावर मारून दाखवतो. आत्ता.”

“नॉर्ब, नको. माझी माता आहे तिकडे.”

मिसेस कार्लुचींची माता म्हणजे मेरीमाता. आमच्याकडे पुष्कळ अंगणांत अंघोळीचा जुना टब अर्धा जमिनीत उभा पुरतात आणि त्याच्या कमानीत मातेची मूर्ती ठेवतात. ही मेपलच्या बरीच डावीकडे होती. तिला काहीच धोका नव्हता. निदान दुसऱ्या कुणी फेकला असता तर. नॉर्बने गॅरेजमधून चेंडू आणला, फोटोतल्यासारखा हात मागे ताणला, क्षितिजाकडे पाहिलं आणि फेकला. खांद्यात काहीतरी काडकन वाजलं. टबात काहीतरी खाडकन वाजलं. मातेचा आशीर्वादाचा हात मनगटापासून गवतात पडला.

मिसेस कार्लुचींनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग शांतपणे म्हणाल्या, “समितीपुढे साक्षीला हवी असले तर मी येते.”

डॉक्टरांनी नॉर्बचा हात झोळीत बांधला. झोळी घालून तो जिथे जाई तिथे लोक आपुलकीने विचारायचे, “आता हाताला इजा झालीय ते दिसतंय. तेव्हा काय झालं होतं?”

पण समितीला तोंडी साक्ष चालत नाही. अध्यक्षा बर्नाडेट फॉल्क ही कर खात्यातून निवृत्त झालेली बाई; गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावर दंड. तिने नॉर्बला फोनवर सांगितलं, “तुम्ही वाईट होता हे सगळ्या गावाला माहीत आहे, मिस्टर यानोसिक. पण माहीत असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. जुन्या सामन्यांच्या फिल्म शाळा मंडळाकडे आहेत. त्या आणा.”

शाळा मंडळाच्या कार्यालयात काचेमागे एक तरुण बाई बसली होती. सरकारी काचेमागे बसणाऱ्यांना एक खास सौजन्य शिकवलेलं असतं. ते थेट हाडात जातं.

“फिल्ममध्ये अल्पवयीन विद्यार्थी आहेत,” ती म्हणाली. “जाहीरपणे दाखवायची तर ज्यांचा खेळ दाखवणार त्यांच्या पालकांची संमती लागेल.”

“मी आणि एमिल सोटाक. अल्पवयीन मीच आहे,” नॉर्ब म्हणाला. “सदुसष्ट वर्षांचा.”

“फिल्ममध्ये तुम्ही सतरा आहात.”

“माझे आईवडील वारले आहेत.”

“अरेरे. मग तुमचा सांभाळ कोण करतं?”

नॉर्बने खूप विचार केला आणि खरं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी रोझॅन त्याच्याबरोबर आली, चष्मा लावला आणि पालकाच्या जागी सही ठोकली. नात्याच्या रकान्यात तिने ‘पत्नी’ लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘याला एकट्याने बाहेर सोडता येत नाही.’ काचेमागच्या बाईने ते वाचलं, नॉर्बच्या झोळीकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

एमिलची आई मात्र हयात होती. नव्वदीच्या पुढची म्हातारी, वृद्धाश्रमात खिडकीपाशी बसून इतरांच्या पत्त्यांतल्या चुका काढायची. नॉर्बने तिच्यासमोर कागद ठेवला आणि काय करायचं ठरवलंय ते सांगितलं.

“तूच ना तो?” तिने डोळे बारीक केले. “सामन्यानंतर रविवारी माझ्या एमिलला काटा धरून जेवता यायचं नाही. बोटं सॉसेजसारखी सुजलेली. मी भरवायचे त्याला. सतरा वर्षांचा घोडा! तू चेंडू टाकायचास की सूड घ्यायचास, पोरा?”

“चेंडूच टाकायचो, मिसेस सोटाक.”

“आण तो पेन.” तिने सही केली, पण कागद सोडला नाही. “एक सांगते. मी असं म्हणाले हे त्याच्या कानावर घालू नकोस. तुझ्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही तो. बापाशी भांडला होता तुझ्यावरून. उठून गेला ताटावरून. असं बावळट पोर मी कसं जन्माला घातलं, देव जाणे.”

नॉर्ब गाडीत येऊन बसला. ही बातमी त्याला नवीन होती. आनंदाची होती की संकटाची, ते त्याला कळेना. एमिलला त्याने एवढंच सांगितलं होतं की मी तुझी बाजू मांडणार आहे. कशी मांडणार, ते सांगितलं नव्हतं. आता ते न सांगितलेलंच बरं, असं त्याने ठरवलं. शहाणपण सुचतं तेव्हा बहुधा ते चुकीचं असतं.

समितीची सभा ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात, शुक्रवारी, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरते. त्या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून सगळं गाव तिथे तळलेला मासा खायला जमतं. अग्निशमनाचे बंब बाहेर उभे करतात आणि आत तेलाचा धूर करतात. सभेचा एक नियम आहे आणि तो मोडलेला कुणाला आठवत नाही: हातात माशाची प्लेट असेल त्यानेच बोलायचं. मासा घेतला म्हणजे गावाला हातभार लावला, आणि हातभार लावला म्हणजे मत मांडायचा हक्क आला. प्लेट रिकामी झाली की तोंड बंद. मोठमोठ्या संसदांना, विधिमंडळांना हा नियम लावला तर काय बहार येईल. पण तिथे प्लेट रिकामी होतच नाही, हीच तर खरी रड आहे.

आधी ट्रॅव्हिस मॅकनॅरीची बाजू झाली. संगीत लावलेली चित्रफीत. ट्रॅव्हिस पळतोय, चेंडू अलगद त्याच्या खांद्यावरून हातात उतरतोय, जसं कुणी दूध आणून दारात ठेवावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रॅव्हिस उठून हसला. दातांमुळे हॉलमध्ये उजेड पडला.

मग नॉर्ब उभा राहिला. झोळीतल्या हातात माशाची प्लेट, दुसऱ्या हातात झाडूचा दांडा. एमिल मागच्या टेबलावर नुकताच प्लेट घेऊन बसला होता. पडदा उजळला, फिल्म खरखरू लागली.

“मित्रहो,” नॉर्ब म्हणाला, “हा एमिल. हा उजवीकडे पळतोय. आता हा चेंडू बघा. चेंडू डावीकडे चाललाय.”

हॉल खदखदला. पण पडद्यावरचा तो काडीसारखा पोरगा चिखलात एक पाय रोवून वळला, उलटा झेपावला आणि जमिनीपासून वीतभर वर चेंडू बोटांत पकडला. वरून दोन रेडे कोसळले. रेडे उठले तेव्हा चेंडू अजून त्याच्याच पोटाशी होता.

“हा दुसरा. इथे मी चेंडू बँडला दिला.” नॉर्बने दांडा टेकवला. “एमिलने तो बँडकडून परत आणला.”

आता हसणं कमी होत गेलं. फेकीमागून फेकी येत होत्या. डोक्यावरून, गुडघ्याखालून, पाठीमागे, एक तर जवळजवळ पार्किंगमध्ये. आणि दर वेळी तो पोरगा, काही तक्रार न करता, जाऊन घेऊन यायचा. कोंबडी सुटली की घरातला एक जण मुकाट्याने उठतो ना, तसा. एक फेक तर अशी होती की ट्रॅव्हिस मॅकनॅरी आपल्या प्लेटवरून मोठ्याने म्हणाला, “मला असा आला असता तर मी पळालोच नसतो. म्हणालो असतो, हा दुसऱ्या कुणाचा असेल.” बर्नाडेट फॉल्कने शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि वाजवायची विसरली.

नॉर्बला वाटलं, जमलं. त्याचे कान लाल झाले होते, मान खाली गेली होती, पण जमलं होतं.

आणि मागून आवाज आला, “बंद करा ते.”

एमिल उभा होता. डाव्या हातात प्लेट, प्लेटमध्ये आत्ताच पुन्हा आणलेला मासा. म्हणजे बोलायचा पुरेपूर हक्क.

“हे सगळं खोटं आहे,” एमिल म्हणाला. आयुष्यात तो सभेत पहिल्यांदा बोलत होता. “ती पहिली फेक बरोबर होती. मीच उजवीकडे पळालो. डावीकडे पळायला हवं होतं.”

“एमिल, खाली बस,” नॉर्ब कुजबुजला.

“बसत नाही. आणि त्या बँडच्या वेळी माझा पाय घसरला. नॉर्बने चेंडू मी असायला हवा होतो तिथेच टाकला होता.”

“तिथे ट्यूबा होता रे, गाढवा!”

“मी तिथे असायला हवा होतो!” एमिल ओरडला. “त्याच्या फेकी कळायला अक्कल लागते. मला नव्हती. माझ्या चुकांसाठी त्याला असं उघडं करताय? लाज नाही वाटत?”

बर्नाडेट फॉल्कने पेन उघडलं. “मिस्टर सोटाक, तुम्ही धावण्याची वाट वारंवार चुकलात असं मी लिहून घेऊ का?”

“घ्या!”

समितीतले दोन जण एकमेकांकडे बघून मान हलवू लागले. पन्नास वर्षांत नॉर्बच्या फेकीविषयी कुणी चांगलं बोललं नव्हतं, आणि आज एक माणूस भर सभेत, प्लेट हातात धरून, स्वतःचं घर जाळून त्याची बाजू घेत होता. ते ऐकत राहावं असं नॉर्बला वाटत होतं. खरं सांगायचं तर आणखी थोडं बोल, असं वाटत होतं. आणि प्रत्येक वाक्यागणिक एमिल त्या भिंतीपासून एकेक पाऊल मागे सरकत होता.

“अजून एक सांगतो,” एमिल म्हणाला. “त्या पावसातल्या सामन्यात—”

नॉर्बने आपली प्लेट टेबलावर ठेवली, दांडा टाकला, टेबलांमधून वाट काढत मागे गेला, आणि एमिलच्या प्लेटमधला मासा उचलून अख्खा तोंडात कोंबला.

कॉड माशाचा तो तुकडा नुकताच कढईतून निघाला होता. नॉर्बच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. पण तो चावत राहिला.

“माझा मासा!” एमिल किंचाळला.

फुर्रर्र! बर्नाडेटची शिट्टी वाजली. “प्लेट रिकामी. मिस्टर सोटाक, तुम्हाला बोलता येणार नाही.”

“मी दुसरा आणतो! थांबा! कुणी मत देऊ नका!” एमिल काउंटरकडे पळाला. आता त्याचं पळणं पूर्वीचं राहिलं नव्हतं, आणि मिसेस कार्लुची नेमक्या वाटेत खुर्ची सरकवून बसल्या. तो पोचला तेव्हा मासा संपला होता. फक्त पिरोगी उरल्या होत्या, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या. एमिल पिरोगीची प्लेट डोक्यावर धरून परत आला. मग समितीत वाद पेटला: पिरोगीवर बोलता येतं का? खजिनदार म्हणाला, उपासाला चालते म्हणजे बोलायलाही चालते. न्हावीही समितीवर होता; तो म्हणाला, मग उद्या कोणी नुसता कोबी घेऊन राज्यघटनेवर बोलेल. नियमांचं पुस्तक उघडलं गेलं. त्यात पिरोगीचा उल्लेख नव्हता. माणसाने चंद्रावर पाय ठेवला, पण पिरोगीचं काय ते ठरवून ठेवलं नाही.

“हा मुद्दा पुढच्या वर्षी घेऊ,” बर्नाडेट म्हणाली. “मत मांडणं संपलं. हात वर करा.”

पाचांपैकी चार हात एमिलसाठी वर गेले. पाचवा न्हाव्याचा. तो पिरोगीवरून रागावला होता.

हॉल उठून उभा राहिला. ट्रॅव्हिसने सगळ्यांत आधी जाऊन एमिलचा हात हलवला. कुणीतरी एमिलला ढकलत माइकपर्यंत नेलं. निवडून आलेल्या माणसाला बोलायला प्लेट लागत नाही, पण एमिलने पिरोगी सोडल्या नव्हत्या. 

“मला बोलता येत नाही,” तो म्हणाला. “मी आयुष्यभर पोरांना ‘खाली बसा’ एवढंच सांगितलं. तर एकच सांगतो. मी जे काही झेललं, ते कुणीतरी माझ्याकडे टाकलं म्हणून झेललं. या काउंटीतला सगळ्यांत चांगला क्वार्टरबॅक मला मिळाला. माझ्या ओंडक्याखाली हेच लिहा.”

 हॉल हसण्याने फुटला. लोक टेबलं बडवू लागले. फादर जेरोमना ठसका लागला. मिसेस कार्लुची रुमाल शोधत होत्या. बर्नाडेट फॉल्क, जिला कुणी हसताना पाहिलं नव्हतं, खुर्चीच्या पाठीला धरून हसता हसता हुंदके देत होती. एवढा मुका माणूस आणि काय विनोद केला!

एमिलचा चेहरा आधी कोरा झाला, मग हळूहळू लाल.

“हसताय कशाला?” तो माइकमध्ये म्हणाला. लोक आणखी हसले. “मी विचारतोय, हसताय कशाला? नॉर्बला हसताय?” त्याने पिरोगीची प्लेट खाली ठेवली. “त्याला हसत असाल तर ठेवा तुमचा ओंडका. नको मला.”

एमिल हे मनापासून बोलत होता. हे त्या हॉलमध्ये फक्त नॉर्बला कळलं, कारण ताटावरून उठून जाणारा एमिल त्याला आता माहीत होता. आणखी दोन क्षणांत एमिल कोट उचलणार, दारातून बाहेर पडणार, आणि शेवटचं वर्ष संपणार. नॉर्बला ओरडून सांगायचं होतं, पण जीभ भाजून तोंडात चामड्यासारखी पडली होती. शब्द निघेना.

म्हणून तो हसला.

आधी जोर करून, मग आणखी जोर करून. धड होता त्या हाताने त्याने टेबल बडवलं, मान मागे टाकली, पाय आपटले. सगळ्या हॉलपेक्षा मोठ्याने हसला तो, जगातला सर्वांत भारी विनोद आपल्या जिवलगाने आत्ताच केलाय अशा थाटात. एमिल त्याच्याकडे बघत राहिला. भुवया आखडल्या, सुटल्या. मग त्याचाही एक ओठ हलला. आपण नेमकं काय बोललो ते त्याला कळलं नव्हतं, पण नॉर्बच हसतोय म्हणजे अपमान नसणार. तोही हसू लागला आणि त्याने प्लेट पुन्हा उचलली.

नॉर्ब थांबला नाही. रोझॅन शेजारी येऊन त्याच्या कानाशी वाकली.

“डोळ्यांतून पाणी का येतंय रे?” तिने विचारलं.

नॉर्बने तोंड उघडलं आणि भाजलेल्या जिभेकडे बोट दाखवलं.